मुलांच्या मानसिक आरोग्याचे आकडे आहेत, ते एका तक्त्यात मांडा

संपादक महोदय,

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वार्षिक अहवाल आला की मराठी वृत्तपत्रांत ठरलेला मथळा येतो: विद्यार्थी आत्महत्यांत महाराष्ट्र देशात पहिला. आकडा खरा असतो. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील. त्याखालोखाल तमिळनाडूत 1,416 आणि मध्य प्रदेशात 1,340. पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी होती, तमिळनाडूची 7.21 आणि मध्य प्रदेशची 7.26 कोटी. साधा भागाकार केला तरी दर कोटी लोकसंख्येमागे तमिळनाडूत 196, मध्य प्रदेशात 185 आणि महाराष्ट्रात 157 असे आकडे येतात. म्हणजे क्रम फिरला. उत्तर प्रदेशात 1,060 नोंदी, कोटीमागे 53. तिथली मुले आपल्यापेक्षा तिपटीने सुखी आहेत असे कोणी म्हणणार नाही. तिथे नोंदच कमी होत असावी, ही शक्यता अधिक. ज्या राज्यात पोलीस पाटलापासून ठाण्यापर्यंत कागद नीट होतो, त्या राज्याची बदनामी जास्त होते, हा या तक्त्याचा स्वभाव आहे.

‘विद्यार्थी’ हा रकाना व्यवसायाच्या वर्गवारीतला आहे, हेही सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यात बावीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी येतो, पण शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला पंधरा वर्षांचा मुलगा येत नाही. वयाच्या तक्त्यात 18 वर्षांखालील सगळे एकाच गटात आहेत, आठ वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांची मुलगी एका ओळीत. कारणांचा रकाना तर अकस्मात मृत्यूच्या कागदांवरून भरला जातो. घरात आकांत चाललेला असताना पहिल्या काही दिवसांत जे कळले ते, आणि तेही एकच कारण. ‘परीक्षेतील अपयश’ लिहिले की मागचे दोन वर्षांचे नैराश्य त्या खान्यात मावत नाही.

हा तक्ता शेवटच्या पायरीचा आहे. त्यावरून हळहळता येते, पण कोणत्या तालुक्यात समुपदेशक द्यायचा, कुठल्या ग्रामीण रुग्णालयात बालमानसोपचाराचा दिवस ठेवायचा, हे ठरवता येत नाही. त्यासाठी लागणारे आकडे वेगळे आहेत आणि त्यांतले बरेचसे सरकारी यंत्रणा दर महिन्याला गोळा करतच असते. अडचण इतकीच की ते चार खात्यांच्या चार कपाटांत आहेत.

आधी राष्ट्रीय पाहणीची मर्यादा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण 13.5 टक्के होते आणि ग्रामीण भागात 6.9. ही पाहणी 12 राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे ‘महाराष्ट्रातील इतकी टक्के मुले’ असे जे छापून येते ते बहुधा उसने असते. उसने असले तरी अंदाजाला चालते. एखाद्या ग्रामीण तालुक्यात 13 ते 17 वयाची 20,000 मुले असतील, तर 6.9 टक्क्यांनी सुमारे 1,400 मुलांना मदतीची गरज असावी. हजार असतील, अठराशे असतील, काही बिघडत नाही. त्या तालुक्यात वर्षभरात सरकारी दवाखान्यात मनाच्या तक्रारीसाठी 40 मुले पोहोचली असतील, तर चित्र पुरेसे स्पष्ट आहे. या 40 चा आकडा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न.

पहिला स्रोत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. मूळ यादीत 30 आजार आहेत. त्यांत 21 ते 29 क्रमांक विकासातील विलंबाचे: दृष्टी, श्रवण, हालचाल, आकलन, भाषा यांपासून 27 वर वर्तनविकार म्हणजे स्वमग्नता, 28 वर अध्ययन अक्षमता, 29 वर अतिचंचलता. पथकाकडे एका मुलासाठी काही मिनिटे असतात. किडलेला दात आणि अंगावरचे चट्टे त्या वेळात दिसतात, अतिचंचलता दिसत नाही. तपासणीच्या रांगेत सगळीच मुले चुळबुळ करतात आणि एरवी वर्ग डोक्यावर घेणारे मूल अनोळखी डॉक्टरांपुढे गप्प उभे राहते. वर्गशिक्षकाला मात्र ते मूल पाठ असते. म्हणून या तीन क्रमांकांचा आकडा तालुक्यात शून्य किंवा शून्याच्या जवळ असेल, तर तिथे अशी मुले नाहीत असा अर्थ काढू नये. पथकाने येण्याआधी शिक्षकांकडून यादी घेतली नाही, एवढाच अर्थ काढावा. शाळेने आठ दिवस आधी प्रत्येक वर्गातून चार-पाच मुलांची नावे बंद पाकिटात द्यावीत, पथकाने त्या मुलांना शेवटी निवांत पाहावे. याला नवा पैसा लागत नाही.

दुसरा स्रोत आरोग्य खात्याची मासिक माहिती प्रणाली, एचएमआयएस. तिच्यात बाह्यरुग्ण विभागात मानसिक आजारासाठी आलेल्यांचा आकडा असतो. किशोरवयीनांच्या क्लिनिकमध्ये, ज्याला आपल्याकडे ‘मैत्री’ म्हणतात, किती मुली व किती मुलगे नोंदले गेले, त्यांतल्या कितींना समुपदेशन मिळाले, हेही असते. इथे दोन खड्डे आहेत. बाह्यरुग्णांची मोजणी भेटींची असते, माणसांची नव्हे. एकच मुलगी चार वेळा आली तर चार आकडे लागतात. दुसरा खड्डा कोऱ्या खान्याचा. ‘0’ म्हणजे कोणी आले नाही आणि कोरा खाना म्हणजे कोणी भरले नाही. एक्सेलमध्ये बेरीज मारली की दोन्ही सारखेच होतात. म्हणून बेरीज करण्यापूर्वी बारा महिन्यांपैकी किती महिने खाना भरलेला आहे ते मोजावे. नऊपेक्षा कमी महिने भरले असतील तर त्या केंद्राचा आकडा वापरू नये, नुसते ‘अपुरी नोंद’ असे लिहावे.

तिसरा स्रोत युडायस प्लस, म्हणजे शिक्षण खात्याची शाळांची माहिती प्रणाली. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक: पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गाव किंवा वॉर्डाचे, शेवटचे दोन शाळेचे. पट, गळती, दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार मुले, हे सगळे त्यात येते. भागाकारात खाली कोणता आकडा घ्यायचा हा प्रश्न इथे सुटतो. 2011 ची जनगणना मुलांच्या बाबतीत आता निरुपयोगी आहे. तेव्हाची पाच वर्षांची मुले केव्हाच अठरा ओलांडून गेली.

चौथा स्रोत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांचा आणि दहावी-बारावीत अध्ययन अक्षमतेमुळे सवलत घेणाऱ्यांचा. राज्य मंडळाने विभागवार आकडे प्रसिद्ध केले तर ती यादी मुलांच्या अडचणींपेक्षा तपासणीची सोय कुठे आहे हेच अधिक दाखवेल. पण सोय कुठे नाही हेच तर आपल्याला शोधायचे आहे.

आता जोडणीचा भाग. खरे घोडे इथे पेंड खाते. जिल्ह्यांची नावे बदलली. जुन्या फायलींत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. नव्या फायलींत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. नावावरून जुळवणी केली तर तीन जिल्हे गळून पडतात आणि संगणक तक्रार करत नाही. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून 2011 च्या तक्त्यात तो सापडत नाही. तालुक्यांचे त्याहून अवघड. आष्टी बीडमध्येही आहे आणि वर्ध्यातही. कळंब धाराशिवमध्ये आहे आणि यवतमाळमध्येही. कारंजा वाशिमला आहे, वर्ध्यालाही. जिल्ह्याचे नाव बाजूला नसेल तर कोणाचा आकडा कोणाला चिकटेल सांगता येत नाही. त्यातच तालुका कार्यालयांतल्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण शोधायला गेले की संगणकाला ती रोमन अक्षरांची भेळ असते. उपाय एकच: प्रत्येक ओळीला केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा, क्रमांक द्यावा आणि जुळवणी क्रमांकावर करावी, नावावर नाही.

पोलिसांच्या आकड्यांबाबत आणखी एक पेच आहे. पोलीस जिल्हा आणि महसुली जिल्हा एक नसतात. मीरा-भाईंदर, वसई-विरार हे एकच पोलीस आयुक्तालय, पण मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आणि वसई-विरार पालघरमध्ये. पुण्यात शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण असे तीन घटक. त्यामुळे आयुक्तालयाचा आकडा जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागला तर उत्तर चुकतेच. पोलीस ठाणेनिहाय आकडा घेऊन त्या ठाण्याची हद्द तालुक्यात बसवणे हाच मार्ग. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे.

एवढे झाल्यावर तक्त्यात काय मांडायचे? आमच्या मते फक्त चार रकाने. शाळेने किंवा पथकाने हेरलेली मुले. त्यांपैकी चिठ्ठी देऊन पुढे पाठवलेली. त्यांपैकी चिठ्ठीच्या तारखेपासून 30 दिवसांत तज्ज्ञापर्यंत पोहोचलेली. आणि त्यांपैकी 90 दिवसांत किमान तीन भेटी झालेली. मोजणी मुलांची, भेटींची नाही. आजच्या अहवालांचा जीव पहिल्या दोन रकान्यांत अडकलेला आहे. ‘संदर्भित’ लिहिले की काम संपले. समजा, 200 मुले हेरली, 120 ना चिठ्ठी दिली, 45 पोहोचली, 18 टिकली. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, पण प्रत्येक गळतीचे औषध वेगळे असते हे त्यावरून समजते. हेरतानाच संख्या कमी असेल तर शिक्षकांचे प्रशिक्षण कच्चे. चिठ्ठी मिळूनही मूल पोहोचत नसेल तर बहुधा अंतर आणि वार. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरवर आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारचे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे आरबीएसकेने पाठवलेल्या मुलांना तज्ज्ञ तपासतात ते केंद्र, गाठायचे म्हणजे बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी शिबिराला गेलेले असतील तर दुसराही. तिथे नवी इमारत बांधून काही होणार नाही. महिन्यातले दोन दिवस, तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या वारी, ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ बसला तर एसटीही असते आणि आई-बाप तसेही येणार असतात. आणि मूल पोहोचून टिकत नसेल तर जागा रिकामी आहे, की भेटीला दोन महिने थांबावे लागते, की प्रत्येक वेळी नवाच माणूस समोर येतो, हे पाहावे.

एक सावधगिरी. यातला पहिला रकाना कोणाचेही उद्दिष्ट करू नये. ‘इतकी मुले शोधा’ असा आदेश गेला की मार्चअखेर तेवढी सापडतात. खोडकर मुलावर अतिचंचल असा शिक्का बसतो आणि तो दहावीपर्यंत पुसत नाही. तिसऱ्या रकान्याचे प्रमाण पाहावे, पण एकटे नाही. चिठ्ठ्याच कमी दिल्या की ते प्रमाण आपोआप वाढते, ही पळवाट कोणत्याही कार्यालयाला पहिल्याच तिमाहीत सापडेल.

लहान आकड्यांची गंमत वेगळीच. एखाद्या जिल्ह्यात एका वर्षी 9 घटना, पुढच्या वर्षी 15. बातमी होते, ‘67 टक्के वाढ’. एवढ्या लहान संख्येत नुसत्या योगायोगाने किती हेलकावा येतो याचा ढोबळ अंदाज वर्गमुळाच्या दुपटीने बांधतात. 9 चे वर्गमूळ 3, दुप्पट 6, म्हणजे 3 ते 15 यांत काहीही आले तरी वाढ झाली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तीन वर्षे एकत्र करूनच जिल्हे ताडून पाहावेत.

आणि गोपनीयता. गावात कोणाचे मूल कुठे जाते हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून शाळानिहाय आकडे प्रसिद्ध करू नयेत. तालुकानिहाय तक्त्यात 10 पेक्षा लहान संख्येच्या जागी ‘10 पेक्षा कमी’ लिहावे. तेवढे पुरत नाही. एकूण 64 आणि मुलगे 57 छापले की लपवलेल्या मुली 7 हे तिसरीतले मूलही काढेल. अशा वेळी दोन्ही खाने झाकावेत किंवा मुलगे-मुली ही फोड त्या तालुक्यापुरती सोडून द्यावी. मुलांचे आधार किंवा अपार (विद्यार्थ्यांचा शैक्षणिक ओळख) क्रमांक जोडून एकच मोठा साठा करावा, अशी सूचना हल्ली उत्साहाने केली जाते. आमचा तिला विरोध आहे. वरच्या चार रकान्यांसाठी एकाही मुलाचे नाव जिल्ह्याला कळण्याची गरज नाही. केंद्राने आपल्या वहीतून फक्त मोजून पाठवायचे आहे.

या तक्त्यात कोण येत नाही, हे खाली एका ओळीत छापलेच पाहिजे. विनाअनुदानित खासगी शाळांत आरबीएसकेचे पथक जात नाही, म्हणून मुंबई-पुण्याचा मोठा भाग कोरा राहतो. बीड आणि आसपासची ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीनंतर गाव सोडतात. तपासणी त्या हंगामात ठेवली तर ती ना गावाच्या यादीत, ना कारखान्याच्या तालुक्यात. आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे, बालगृहे महिला व बालविकासकडे.

हे सगळे आता मांडण्याचे कारण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या 15 मार्गदर्शक सूचना. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, नावे वगळून ठेवलेल्या नोंदी, वार्षिक अहवाल, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असे त्यांत आहे. वार्षिक अहवालाचा नमुना नीट ठरवला नाही तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. व्याख्याने 4, पोस्टर स्पर्धा 2, लाभार्थी 612, सोबत छायाचित्रे. चार रकान्यांचा तक्ता या समितीकडे दर तिमाहीला यावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या चोवीस तास चालणाऱ्या मोफत दूरध्वनीवर 18 वर्षांखालील किती जणांसाठी आणि कोणत्या जिल्ह्यांतून फोन आले, तो आकडाही त्यालाच जोडावा. हा क्रमांक, आणि मुलांसाठीचा 1098, वृत्तपत्रांनीही अशा प्रत्येक बातमीखाली छापावा.

समितीची वाट न पाहता नागरिकांनाही सुरुवात करता येते. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळे एकत्र विचारू नये. आरबीएसके, शीघ्र हस्तक्षेप केंद्र आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, शाळांसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आश्रमशाळांसाठी प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, असे वेगळे अर्ज करावेत. मागणी अशी: गेल्या तीन आर्थिक वर्षांची तालुकानिहाय, महिनानिहाय संख्या, एक्सेल फाइलमध्ये, नावे व ओळख वगळून. नोंदवही पाहण्याची मागणी मात्र करू नये, तिच्यात मुलांची नावे असतात. पुष्कळदा उत्तर येते, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’. त्यासाठी पहिल्याच अर्जात एक मागणी जोडून ठेवावी: दरमहा वरिष्ठ कार्यालयाला पाठवल्या जाणाऱ्या अहवालाचा कोरा नमुना. त्यात कोणते रकाने आहेत हे दिसले की कोणती माहिती संकलित होते, हे कळते. मग 30 दिवसांच्या आत पहिले अपील करताना रकान्याचा क्रमांक लिहून तोच आकडा मागता येतो.

आपले,
बालमानसोपचार आणि आरोग्य-सांख्यिकी या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, पुणे